दहा हजार कोटी कोणाचे?

गरीब देशाला वर यायला भांडवल किती लागतं? या प्रश्नाचं एक ठोस उत्तर आपल्या देशात जानेवारी १९४४ मध्ये छापून आलं: दहा हजार कोटी रुपये, पंधरा वर्षांत. हीच ‘मुंबई योजना’. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला अशा आठ जणांच्या तिच्यावर सह्या होत्या.

हिशेब सरळ होता. दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं. लोकसंख्या वाढणारच, म्हणून राष्ट्रीय उत्पन्न तिप्पट हवं. तेवढ्या जादा उत्पादनाला भांडवल किती, ते क्षेत्रवार मांडलं: उद्योगांना ४,४८० कोटी, घरांना २,२००, शेतीला १,२४०, शिक्षणाला ४९०.

त्याच वर्षी वर्ध्याच्या श्रीमन्नारायण यांनी गांधीवादी योजना मांडली, ती साडेतीन हजार कोटींची. मानवेंद्रनाथ रॉय यांची ‘जनता योजना’ तर दहाच वर्षांत पंधरा हजार कोटी मागत होती. देश एकच, आकडे तीन! आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं इथे थबकतो. कारण चूक बेरजेत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढचा समाजच वेगळा आहे. चरखा आणि पोलादाचा कारखाना यांना लागणारं भांडवल सारखं कसं असेल?

आता दुसरा प्रश्न: हे पैसे आणायचे कुठून? मुंबई योजनेत जनतेच्या बचतीतून ४,००० कोटी धरले होते आणि ३,४०० कोटी नव्याने निर्माण केलेल्या पैशातून. म्हणजे, साध्या भाषेत, नोटा छापून. महायुद्धातली महागाई तेव्हा लोक भोगतच होते. या मार्गाने वेगवेगळ्या वर्गांवर विषम भार पडेल, तो टाळायला सरकारला कडक नियंत्रणं घालावी लागतील, असं त्या उद्योगपतींनीच लिहून ठेवलं आहे. हा प्रामाणिकपणा आपण विसरू नये.

विषम भार म्हणजे काय, हे भांडुपकरांना वेगळं सांगायला नको. इथे आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले. सीएटचा टायरचा कारखाना त्यांतलाच. पगार ठरलेला असतो आणि बाजारात भाव चढतात, तेव्हा कामगाराच्या ताटातून जे कमी होतं, तीसुद्धा एक बचतच असते. फक्त ती त्याला न विचारता केलेली असते, आणि तिची पावती कोणी देत नाही.

म्हणून विकासासाठी अमुक लाख कोटी हवेत, असं कोणी सांगितलं की आपण दोन प्रश्न विचारावेत: कशासाठी? आणि कोणाच्या ताटातून?