आनंद श्रावकाची यादी आणि आपला माळा



मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुने घर रिकामे करून मुलाजवळच्या फ्लॅटमध्ये आलो. माळ्यावरून सामान उतरवायला तीन दिवस लागले. तांब्याचा बंब, पितळी डबे, सासूबाईंच्या रुखवतातली समई, आणि स्टीलच्या वाट्या. वाट्या मी मोजल्या, एकशे सेहेचाळीस भरल्या. घरात माणसे चार! अर्ध्याहून अधिक वाट्यांवर नावे घातलेली होती. कुणाच्या अठाईची प्रभावना, कुणाच्या वर्षीतपाच्या पारण्याची, कुणाच्या मासखमणाची. तपाची वाटी भंगारात कशी टाकायची? म्हणून ती माळ्यावर जाते, आणि तिच्या शेजारी पुढची जाऊन बसते.

त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात पाचव्या अणुव्रताचे अतिचार म्हणताना मी एका शब्दाशी अडखळले. शेत-घर, चांदी-सोने, धन-धान्य, नोकर आणि जनावरे, आणि शेवटी ‘कुविय’. चाळीस वर्षे मी हा शब्द म्हणते आहे. कुविय म्हणजे कुप्य, म्हणजे सोन्या-चांदीखेरीज घरातले बाकीचे सामान: भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, खाटा, पेट्या. पहिली चार खाती बहुधा पुरुषांची. पाचवे आपले, आणि ते मी कधी उघडून पाहिलेच नव्हते.

मग उपासकदशांग काढले. आपल्या अंगसूत्रांपैकी सातवे. भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा त्यात आहेत आणि पहिला आनंद, वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामचा गृहस्थ. व्याख्यानात आपण त्याची श्रद्धा ऐकतो, त्याचे अवधिज्ञान ऐकतो. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर गेली. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्याजाने लावलेल्या, चार कोटी घरच्या पसाऱ्यात. दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे. पाचशे नांगरांची जमीन. पाचशे गाड्या प्रवासाला, पाचशे मालाला. दूर जाणाऱ्या चार नावा आणि वाहतुकीच्या चार. एवढा काटेकोर ताळेबंद आमच्या परीक्षेतही नसायचा!

आता गंमत पाहा. भगवंतांसमोर व्रत घेताना आनंदाने यातले काहीच वाटून टाकले नाही. जेवढे होते तेवढ्यावर रेघ मारली आणि याच्या पुढे नको म्हणाला. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे फारच सोपे वाटले. बारा कोटीवाल्याने बारा कोटी राखले, त्यात त्याग तो काय? पण व्यापाऱ्याच्या घरात दिलेल्या बाईला विचारा. व्याजाने लावलेले चार कोटी दरवर्षी वाढणार, गाई विणार, नावा माल घेऊन परतणार. आणि आकडा मात्र तोच राहायला हवा. म्हणजे वाढीव जे येईल ते घरात थांबता कामा नये. टाकणे एकदाच होते, ही रेघ रोज सांभाळावी लागते.

त्यानंतर तो उपभोग-परिभोगाच्या यादीवर येतो. हा भाग मला इतका आवडला की मी सूनबाईला स्वयंपाकघरात उभी करून वाचून दाखवला. अंग पुसायला एकच सुगंधी पंचा. दातांना ओल्या ज्येष्ठमधाची काडी. अंघोळीला आठ घडे पाणी. अंगावर सुती वस्त्रांची एक जोडी. दागिन्यांत कानातली आणि नावाची अंगठी, बस. भातात कलम जातीचा तांदूळ, तूप शरद ऋतूतले, गाईचे. गोडात घृतपूर आणि खाजे, म्हणजे घेवर सुटला नाही हो! भाजीत चाकवतासारख्या दोन-तीनच. पिण्याला पावसाचे पाणी. एकेक जिन्नस नावाने धरायचा आणि बाकी सगळे सोडायचे. चौदा नियम धारताना आपण रोज सकाळी वस्त्र, वाहन, पादत्राणे मोजतो, ते याच जातीचे काम.

आनंद घरी गेला आणि त्याने पत्नीला, शिवानंदेला, सांगितले. तीही गेली आणि तिनेही बारा व्रते घेतली. सूत्रात एवढेच आहे. तिची यादी दिलेली नाही. तिची भांडी किती, वस्त्रे किती, कोठीत काय काय, हे वाचायला मिळाले असते तर आज मला जास्त उपयोग झाला असता. चार कोटींचा घरपसारा रोज सांभाळणार कोण, आनंद?

आपल्याकडे नियम आला की पळवाट येते, हे आचार्यांना पक्के ठाऊक होते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपालासाठी योगशास्त्र लिहिले. त्यात या पाच अतिचारांत माणूस नेमका कसा फसवतो, ते सांगितले आहे. एका शेताची मर्यादा घेतली, मग लगतचे शेत विकत घेऊन मधले कुंपण काढले, शेत एकच! चातुर्मासापुरती सोन्याची मर्यादा घेतली आणि राजाने बक्षीस दिले, तर ते दुसऱ्याकडे ठेवायला दिले, मुदत संपली की परत घ्यायचे. येणे असलेले धान्य ऋणकोकडेच बांधून ठेवायला सांगितले, आपले आधीचे विकले गेले की आणायचे. गाईच्या पोटातले वासरू मोजायचे नाही. आणि कुविय? भांड्यांची संख्या ठरली आणि वर भांडी आली, तर दोन आटवून एक मोठे करायचे. संख्या तीच.

हे वाचले आणि मला माझाच माळा दिसू लागला. पाहुण्यांच्या गाद्या-रजया हवा काढायच्या पिशव्यांत दाबून दोनाचा एक गठ्ठा करणारी मीच. बोहारणीला दहा जुन्या साड्या देऊन कपाट हलके झाले म्हणून खूश होणारी, आणि बदल्यात आलेले मोठे पातेले माळ्यावर चढवणारीही मीच. वस्त्राच्या खात्यातून काढले, कुवियच्या खात्यात जमा केले. नावे-जमा चोख, शिल्लक तेवढीच. याला आपल्याकडे व्रतभंग म्हणत नाहीत, अतिचार म्हणतात. आकडा शाबूत असतो, म्हणून व्रत मोडले असे म्हणता येत नाही. पण पाळले तरी कुठे?

दिगंबर परंपरेत समंतभद्र स्वामींच्या रत्नकरंड श्रावकाचारात याच व्रताचे अतिचार वेगळे दिले आहेत. त्यात अतिसंग्रह आहेच, पण ‘विस्मय’ही आहे. दुसऱ्याचे वैभव बघून डोळे विस्फारणे. माझे माहेरचे शेजारी दिगंबर, त्यामुळे हे लहानपणी कानावर पडले होते. अर्थ कळला तो लग्नसमारंभांत इतरांचे आहेर न्याहाळायला लागल्यावर.

सूनबाईने जपानच्या मारी कोंडोचे पुस्तक वाचले आहे. घरातले कपडे एका जागी ढीग करून एकेक हातात घ्यायचा, मनाला आनंद झाला तर ठेवायचा, नाहीतर निरोप द्यायचा. ढीग करण्याची कल्पना मला पटली, एकशे सेहेचाळीस वाट्या त्यामुळेच कळल्या. आनंदाची कसोटी मात्र आपल्याला चालेल असे वाटत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा अशी केली आहे, म्हणजे वस्तूतली गुंतवणूक. जी वाटी हातात घेतल्यावर जीव सुखावतो, तीच तर तपासायची. सूनबाई म्हणाली, “मम्मी, मग तुमच्या हिशेबाने सगळ्यात आवडती साडी आधी जायला हवी.” मी विषय बदलला.

आनंदाच्या गोष्टीचा पुढचा भाग आपण घाईत ऐकतो. व्रत घेऊन चौदा वर्षे लोटल्यावर त्याने नातेवाईकांना, गोताला जेवायला बोलावले आणि सर्वांसमोर थोरल्या मुलावर घर सोपवले. आजपासून व्यवहारात मला कुणी काही विचारायचे नाही, आणि माझ्यासाठी वेगळे काही रांधायचे नाही, असे सांगून तो कोल्लाग वस्तीतल्या पौषधशाळेत गेला. बारा कोटी जपून ठेवणाऱ्या माणसाने शेवटी सोडला तो सल्ला देण्याचा हक्क. माझ्या कमरेला आता किल्ल्या नसतात, पण डाळीचा डबा कुठे ठेवायचा हे मी अजून सांगते.

तर आम्ही एक वही केली. वर ‘कुविय’ लिहिले. वाट्या चोवीस, ताटे बारा, पातेली सात, गाद्या सहा. बाकीची भांडी स्थानकाच्या भोजनशाळेत दिली. नावे घातलेल्या वाट्यांबद्दल महासतीजींना विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की तपाची अनुमोदना मनाने होते. त्याही वाट्या मग तिकडेच गेल्या, कुणीतरी रोज त्यांत आमटी घेते आहे. दिवाळीआधी एका पारण्याला पुन्हा स्टीलचा डबा मिळाला. तो घेतला आणि घरातला एक काढला. घरच्या तपाला प्रभावना द्यायची वेळ आली तेव्हा मी सुका मेवा दिला. दोन जणींनी विचारलेच, भांडे नाही का म्हणून.

एवढे सगळे लिहिते आहे, पण एक पेटी उरली आहे. सासूबाईंच्या नऊवारी आणि चांदीचे कुंकवाचे करंडे. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ती वन्संकडे ठेवायला दिली, थोड्या दिवसांपुरती. त्याला आता तेरा महिने झाले. काल त्यांचा फोन होता, “वहिनी, पेटी कधी नेताय?” मी म्हटले, पर्युषण होऊ दे.