बोरघाटातला एक बिनतारखेचा फोटो

बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनचा जुना फोटो अनेकांनी पाहिलेला असतो. डोंगराच्या कडेला कोरून काढलेली चिंचोळी सपाटी, तिच्यावर रुळांच्या ओळी, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. मागे नागफणीचे टोक ओळखू येत असेल तर जागेचा प्रश्न मिटला. नसेल तर जपून. असेच स्टेशन थळघाटातही होते.  खाली नुसते 'जी.आय.पी. रेल्वे, घाट' एवढेच छापलेले असेल तर तो बोरघाटच, असे म्हणणे घाईचे होईल.

तारीख बहुधा नसतेच. ती इतर कागदांवरून बांधावी लागते. बोरघाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते सुरू झाली. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन वाटेतून सुटले. तेव्हा फोटोत चालती गाडी असेल तर तो या ६६ वर्षांतला. रूळ पडायचे असतील, माती उकरलेली असेल, तर त्याआधीचा.

स्टेशन त्या अडचणीच्या जागी का, याचे उत्तर मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी १८६० साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात मिळते. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे, २५ बोगदे खोदायचे. काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा चढ. कडा सरळ ओलांडता येत नव्हता, म्हणून गाडी सपाटीवर आणायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट दिशेने वरच्या रुळांवर न्यायची. बर्कली स्वतः १८६२ मध्येच वारले; उद्घाटन त्यांच्या नशिबी नव्हते.

फोटोत माणसे जवळजवळ नसतात, याचेच मला जास्त वाटते. १८६१ मध्ये या कामावर ४२,००० मजूर होते. त्याआधी, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरीवरून दंगल झाली आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला, तो काही आठवड्यांत आजारपणाने गेला. कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिसने हाती घेऊन अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडून तडीस नेले. बांधकामाचे तिने काढलेले फोटो शिल्लक आहेत. रूळ नसलेला फोटो हाती आला तर पहिला ताळा तिच्या फोटोंशी घ्यावा.

आणि शिंग्रोबा? खोपोलीहून वर येताना त्याचे देऊळ लागते, चालक नाणे टाकून पुढे जातात. शिंग्रोबा या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्याच इंग्रजांनी त्याला मारले, अशी कथा. सांगणारे तिला कधी रेल्वेशी जोडतात, कधी रस्त्याशी. देऊळ आहे जुन्या रस्त्याच्या कडेला, आणि तो रस्ता गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली, गाड्यांसाठी खुला झाला होता. रेल्वेवाले आले तेव्हा वाट कोणाला विचारायची राहिलीच नव्हती. कथेला काही आधार असेलच, तर तो रेल्वेच्या कागदांत नव्हे, तीस वर्षे आधीच्या दफ्तरांत शोधायला हवा.