सुतळीला शिल्पाचा मान: मृणालिनी मुखर्जींचं काम

शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगड येतो, लाकूड येतं, ब्राँझ येतं. दोर येत नाही. दोर कशाला, तर पोत्याचं तोंड बांधायला, खाट विणायला. त्यातून कुणी सुंदर काही केलंच, तर आपण त्याला ‘हस्तकला’ म्हणतो आणि वेगळ्या दालनात ठेवतो. ही विभागणी कुणी केली आणि ती किती टिकाऊ आहे, हे आज आपण एका कलावतीच्या कामातून पाहू.

मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. आई लीला शिल्पकार, वडील बिनोद बिहारी शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. वडिलांची दृष्टी १९५७ च्या सुमारास गेली, पण काम थांबलं नाही. नंतर ते कागद कापून चित्रं करत. बालपण डेहराडूनला, डोंगराच्या पायथ्याशी गेलं आणि शांतिनिकेतनशी येणंजाणं राहिलं. झाडंझुडपं ही त्यांच्यासाठी सहलीची गोष्ट नव्हती.

पुढे त्या बडोद्याला शिकल्या. तिथे गुरू लाभले के. जी. सुब्रमण्यन. याच सुब्रमण्यननी १९५९ ते ६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळात काम केलं होतं. कारागीर आणि कलावंत यांच्यात भिंत घालणं त्यांना मान्य नव्हतं. सत्तरीच्या सुरुवातीला मृणालिनींनी हेम्पचा खरखरीत दोर हाती घेतला, त्यामागे ही शिकवण होती.

आता जगात काय चाललं होतं, तेही बघू. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला १९६२ पासून टॅपेस्ट्रीचं द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागलं. पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविच यांनी सिसलच्या धाग्याची प्रचंड विणलेली रूपं थेट अवकाशात टांगली. म्हणजे धागा भिंत सोडू लागला होता. पण तिथली मुळं बरीचशी मागात होती. मृणालिनींनी मागच बाजूला ठेवला. त्यांनी गाठी मारल्या. आधी रेखाटन नाही, नमुना नाही. एक गाठ, तिच्या शेजारी दुसरी, अशा हजारो. एकेका शिल्पाला कित्येक महिने लागत.

गाठीनं काय साधतं? गाठी घट्ट मारल्या की दोर ताठ होतो, सैल सोडल्या की लोंबतो. त्यातून घडी पडते, पाकळी उमलते, पोकळी तयार होते. आतून धातूचा आधार असला, तरी बाहेरचा आकार दोराच्या वजनातून येतो. दगडात शिल्पकार नको ते काढून टाकतो. इथे रूप वाढत जातं, वेल वाढावी तसं. निसर्गाशी त्यांचं नातं आम्हाला इथे दिसतं. १९७५ चं ‘वॉटरफॉल’ नावातच धबधबा सांगतं. पण १९८४ ची ‘यक्षी’ किंवा १९९४ ची ‘वनश्री’ पाहा. माणसाएवढ्या किंवा त्याहून उंच, रंगवलेल्या दोराच्या या आकृत्या झाड आहेत, देवी आहेत की फूल, हे ठरवता येत नाही. आपल्या प्राचीन शिल्पांतली यक्षी वृक्षाशीच जोडलेली असते, हे आठवलं की कोडं थोडं सुटतं. २००० सालचं ‘जौबा’ तर जास्वंदीवरून आलेलं नाव; बंगालीत जास्वंदीला जबा म्हणतात.

मान मिळायला मात्र वेळ लागला. पुढे त्या सिरॅमिककडे आणि मग ब्राँझकडे वळल्या. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं आणि ते नुकतंच सुरू झालेलं असताना त्यांचं निधन झालं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये मोठं प्रदर्शन झालं, २०२२ मध्ये व्हेनिस बिएनालेत त्यांची शिल्पं मांडली गेली. ही दाद पाहायला त्या नव्हत्या.

आता एक अडचण उरते. दगडाला शतकं मिळतात. दोर उजेडानं विटतो, दमटपणानं सडतो, त्याला कीड लागते. तो जपायचा तर संग्रहालयाला पैसा आणि माणसं लागतात, आणि जिला आपण ‘नुसती हस्तकला’ म्हणतो, तिच्यासाठी ती सहसा काढली जात नाहीत. कलेत काय मोडतं, हा वाद म्हणूनच शब्दांपुरता नाही. पन्नास वर्षांनी काय शिल्लक राहणार, ते त्यावर ठरतं. पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात गेलात, तर दोराची, वेताची, घोंगडीची वस्तू कुठल्या दालनात ठेवली आहे आणि खालच्या पाटीवर करणाऱ्याचं नाव आहे का, तेवढं जरूर बघा.