पत्त्यामागचे पान

जुन्या लेखांचे पुस्तक करायचे म्हणून मी अलीकडे त्यांतल्या तळटीपा पुन्हा तपासायला घेतल्या. छापील पुस्तकांचे संदर्भ जुळले. संकेतस्थळांच्या संदर्भांनी मात्र दमवले. पत्ता बिनचूक उतरवलेला असायचा, पण तिथे 'पान सापडले नाही' एवढीच पाटी. त्यातला एक लेख तर नष्टही झालेला नव्हता. त्याच संकेतस्थळावर तो वेगळ्या पत्त्यावर सुखरूप होता. मधल्या काळात संस्थेने संगणकप्रणाली बदलली होती आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे नेण्याची सोय करायचे कोणाला सुचले नव्हते. पुस्तक ग्रंथालयात असावे आणि तालिकेतले त्याचे कार्ड फाटावे, तसा हा प्रकार. पत्ता आणि पान यांची गाठ कोण बांधते, या प्रश्नाचा माग मी तेव्हापासून घेऊ लागलो.

सुरुवातीला ही गाठ बांधावी लागतच नव्हती. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि 1990च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालू केला. त्या काळी पत्ता म्हणजे फाइल ठेवलेली जागा. आधी यंत्राचे नाव, मग तिरप्या रेषा देत एकात एक असलेले कप्पे आणि शेवटी फाइलचे नाव. पत्त्यांचे हे व्याकरण डिसेंबर 1994मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले. असा पत्ता माणसाला सहज वाचता येई. दोष एवढाच, की फाइल दुसऱ्या कप्प्यात हलवली की पत्ता खोटा ठरे.

1993पासून सर्व्हरला एखादा प्रोग्रॅम चालवून मागणीनुसार पान तयार करता येऊ लागले. 1995मध्ये पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस अवतरला. आता लेख फाइलमध्ये न राहता डेटाबेसच्या कोष्टकात एक ओळ होऊन राहू लागला. त्याला मागवायचे, तर प्रोग्रॅमचे नाव, पुढे प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ओळीचा क्रमांक. ग्रंथालयातल्या दाखल क्रमांकासारखाच हा आकडा. तो ग्रंथपालाच्या सोयीचा असतो, वाचकाला त्यावरून काहीही उमगत नाही. आशय सांभाळणाऱ्या प्रणाली, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, याच पायावर उभ्या राहिल्या. 2001मध्ये आलेल्या द्रुपालमध्ये प्रत्येक मजकूर म्हणजे एक 'नोड' आणि त्याला एक क्रमांक.

या आकडेमोडीविरुद्ध दोन आवाज उठले. बर्नर्स-ली यांनी 1998मध्ये एक छोटे टिपण लिहिले. चांगला पत्ता बदलत नसतो, हे त्याचे सार. पत्त्यात लेखकाचे नाव, विषयाचे वर्गीकरण, मजकूर कच्चा की पक्का हा शेरा, फाइलचे शेपूट किंवा प्रोग्रॅमची खूण घालू नका, कारण या साऱ्या गोष्टी पुढे बदलतात, असे त्यांनी बजावले. मजकूर तयार झाल्याची तारीख मात्र बदलत नाही, म्हणून ती चालेल. 1999मध्ये जेकब नील्सन यांनी दुसरी बाजू मांडली. लोक पत्ते वाचतात, हाताने लिहितात, शेपूट खोडून वरच्या पानावर जातात. म्हणून पत्ता आखूड, लिहायला सोपा आणि टिकाऊ हवा.

या दोघांना हवा असलेला पत्ता आणि डेटाबेसमधली ओळ यांना जोडणारा पूल तोवर तयार झालेला होता. राल्फ एंगेलशाल यांनी 1996मध्ये 'मॉड-रीराइट' हा सर्व्हरचा जोडभाग लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो अपॅची सर्व्हरच्या मंडळींना देऊन टाकला. त्याचे काम सांगायला सोपे आहे. वाचक एक सुबक पत्ता मागतो. त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसते. एरवी सर्व्हरने 'सापडले नाही' असे उत्तर दिले असते. आता तो एक नियम पाहतो. नियम सांगतो, की नसलेल्या फाइलची प्रत्येक मागणी अमुक एका प्रोग्रॅमच्या हाती दे. तो प्रोग्रॅम पत्त्याचे तुकडे करतो, हे वर्ष, हा महिना, हे लेखाचे छोटे नाव असे ओळखतो, आणि त्या नावाची ओळ डेटाबेसातून काढून पान रचतो. पत्त्यातले कप्पे दिसतात, पण डिस्कवर ते कुठेच नसतात. पत्ता आता जागा सांगत नाही, फक्त नाव सांगतो.

2003मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आणलेल्या वर्डप्रेसने ही सोय सामान्य लेखकाच्या हाती दिली. द्रुपालने क्रमांकाशेजारी टोपणनाव नोंदणारे वेगळे कोष्टकच ठेवले. लेखाच्या त्या छोट्या नावाला 'स्लग' म्हणतात. हा शब्द छापखान्यातला आहे. लायनो यंत्रातून शिशाची जी अखंड ओळ ओतून निघे, ती स्लग. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी ओळखण्यासाठी दिलेल्या एकदोन शब्दांच्या खुणेलाही तेच नाव पडले. खिळे जुळवण्याच्या दिवसांतला शब्द असा संगणकाच्या कोष्टकात येऊन बसला.

पण हे सारे रोमन लिपी गृहीत धरून रचलेले होते. पत्त्यात मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि थोडी चिन्हे एवढ्यांनाच प्रवेश. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, यूटीएफ-8 या संकेतात तीन बाइटचे होते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंकाक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे आहेत, तो पंचेचाळीस जागा खातो. वर्डप्रेसमध्ये स्लगला दोनशेच जागा मिळतात. 'मराठी दिवाळी अंकांची परंपरा' हे साधे शीर्षक घ्या. चोवीस चिन्हांच्या दोनशे सोळा जागा झाल्या, वर शब्दांमधले तीन जोड. हिशेब दोनशेच्या पुढे गेला, आणि पत्ता 'परं'वर येऊन तुटतो. 1909च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली परंपरा पत्त्यात पुरती मावत नाही!

दुसऱ्या काही प्रणालींत याहून वाईट घडते. तिथला नियम फक्त 'अक्षरे' ठेवतो आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानतच नाही. मग 'मराठी'चे 'मरठ' होते आणि 'दिवाळी'चे 'दवळ'. नियम लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. त्याच्या लिपीत स्वर अक्षरांशेजारी उभे राहतात, आपल्या लिपीत ते अक्षरांना बिलगतात, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही. याचा परिणाम असा, की कित्येक मराठी संपादक लेख देवनागरीत लिहितात आणि पत्ता रोमन लिपीत देतात. 2014पासून 'डॉट भारत' हे नाव देवनागरीत मिळू लागले, म्हणजे घराच्या दारावरची पाटी आपल्या लिपीत आली. पण आतल्या खोल्यांची नावे आजही बहुधा परक्या अक्षरांत असतात.

आता पुन्हा माझ्या तळटीपांकडे येतो. पत्ता वाचता येतो म्हणून तो टिकतो, असे नाही. उलट शीर्षकावरून केलेला सुबक पत्ता अधिक नाजूक असतो. कोणी शीर्षकातली शुद्धलेखनाची चूक सुधारतो, पत्ताही सुधारतो आणि जुना पत्ता मरतो. आकड्याला निदान शुद्धलेखन नसते. यावर उपाय जुनाच आहे. सर्व्हरच्या उत्तरांत '301' हा क्रमांक 'कायमचे स्थलांतर' सांगतो आणि वाचकाला नव्या जागी नेतो. वर्डप्रेस प्रकाशित लेखाचा जुना स्लग आपणहून जपून ठेवते. प्रणालीच बदलली, तर मात्र जुन्या-नव्या पत्त्यांची यादी माणसाने करावी लागते. ते कंटाळवाणे काम असते, त्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही, म्हणून ते राहून जाते.

त्याची किंमत मोठी आहे. हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2013मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले वेबसंदर्भ तपासले. त्यांतले सुमारे निम्मे मूळ मजकुराकडे नेत नव्हते. न्यायनिवाड्याचा आधारच असा निसटत असेल, तर मराठीतल्या संशोधनाची काय कथा? त्याच वर्षी सर्नने जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. तो पत्ता मी उघडून पाहिला. पान लगेच आले.

माझ्या पुस्तकात मी आता वेबपत्त्यासोबत लेखकाचे नाव, पूर्ण शीर्षक, तारीख आणि पाहिल्याचा दिवस देतो, आणि संग्राहक स्थळावर जपलेली प्रत असेल तर तिचाही पत्ता. संपादकांना विनंती एकच आहे. संकेतस्थळ नवे करताना आधी जुन्या पत्त्यांची यादी करा, रंगरूप मागाहून ठरवा. कोणाच्या तरी तळटीपेत तुमचा पत्ता लिहिलेला आहे.