केकवरची फुले आणि त्यांतील तार

साखरेच्या फुलांच्या वर्गात मला एक प्रश्न हटकून येतो. केकवरचा गुलाब कौतुकाने उचलावा, तो त्याच्या देठातून तार निघते, आणि विचारणारीचा चेहरा उतरतो. "म्हणजे हे खायचे नाहीच का? मग ही फसवणूकच की!" मला तसे वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

व्हिक्टोरिया राणीचा विवाह 10 फेब्रुवारी 1840 रोजी लंडनला झाला. तिचा केक सुमारे 300 पौंड वजनाचा, जवळजवळ तीन वार घेराचा. माथ्यावर ब्रिटानिया देवी वधूवरांना आशीर्वाद देत उभी; वधूवर प्राचीन रोमन वेषात, वराच्या पायाशी निष्ठेचे प्रतीक म्हणून कुत्रा, वधूच्या पायाशी होल्यांची जोडी, आणि एक बालमदन वहीत लग्नाची तारीख लिहीत बसलेला. (एवढ्या राजेशाही थाटात कुत्र्याला जागा मिळाली, याचे मला मोठे कौतुक वाटते!) शिवाय पांढऱ्या साटिनच्या फितींनी बांधलेले पांढऱ्या फुलांचे गुच्छ होते, आणि ते भोजनास आलेल्या पाहुण्यांना भेट द्यावयाचे होते. माथ्यावरचा गुच्छ उतरवून घरी न्यावयाचा, ही गोष्ट तेव्हाही मान्य होती.

आता तारेचे काम पाहू. पिठीसाखरेत ट्रॅगाकँथ नावाचा डिंक घालून मळले की पातळ लाटता येईल असा गोळा होतो. हा डिंक इराण व तुर्कस्तानातील काटेरी झुडपांपासून मिळतो. त्याची पाकळी कागदासारखी पातळ होते, पण वाळली की ठिसूळ. आधाराशिवाय ती केकवर आडवीच पडून राहील. तार घातली म्हणजे तिला देठ येतो, कल देता येतो, ती वाऱ्यावर हलल्यासारखी दिसते. कापडाची फुले करणाऱ्या कारागिरांनाही हीच युक्ती ठाऊक होती. आम्ही कागद गुंडाळलेली तार वापरतो. तिचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक: गुलाबाच्या देठाला 18 किंवा 20, पाकळ्यापानांना 26, अगदी नाजूक कळ्यांना 30. तारेचे टोक अंड्याच्या पांढऱ्याने किंचित ओले करून पाकळीच्या बुडाशी सरकवायचे, वाळू द्यायचे, मग एकेक पाकळी हिरव्या फीतीने बांधीत जायचे. एका गुलाबाला दोन दिवस सहज जातात.

आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर हलव्याची बिंदी आणि तोडे घालतो, त्यांतही दोरा आणि तार असतेच. त्या तोड्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

फसवणूक म्हणावी अशी एक वेळ खरोखर आली होती. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1940 पासून ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले, आणि त्याच वर्षी केकवर साखरेचे आयसिंग करण्यास बंदी झाली. तेव्हा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टरचा नक्षीदार डोलारा भाड्याने आणीत. त्याखाली बिचारा लहानसा साधा केक. डोलारा उचलला की खरे रूप दिसे. पण मंडपातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते, म्हणून मी त्यालाही फसवणूक म्हणणार नाही. राजकन्या एलिझाबेथचा 20 नोव्हेंबर 1947 चा नऊ फुटी केकसुद्धा रेशनिंगच्या काळातलाच. त्याचे जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्सनी पाठवले होते. साखर मोकळी झाली ती सप्टेंबर 1953 मध्ये.

माझी तक्रार वेगळीच आहे. अलीकडे रंगीत तार वळवून नावे, चांदण्या, स्प्रिंगा करतात आणि सरळ केकमध्ये खुपसतात. ही तार शोभेच्या कामासाठी केलेली असते, अन्नासाठी नव्हे. तिच्यावरचा रंग ओल्या केकमध्ये उतरू शकतो, आणि तुटका बारीक तुकडा एखाद्या पोराच्या घासात जाऊ शकतो. याला उपाय सोपा आहे. गुच्छाचा देठ अन्नाला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोकदार नळीत बसवावा आणि ती नळी केकमध्ये रोवावी. पूर्वी पुष्कळ लग्नांत केकच्या माथ्यावर लहानशी चांदीची फुलदाणी असे, तिचाही हाच उपयोग.

माझ्याकडून केक जातो तेव्हा खोक्याच्या झाकणावर मी चिठ्ठी डकवते: फुले इतकी, पाने इतकी, नळ्या इतक्या, सुरी लावण्यापूर्वी सर्व उतरवून मोजावीत.