दोन रकान्यांची विद्या

जून महिना जवळ आला म्हणजे घरोघर शाळाप्रवेशाची चर्चा सुरू होते, आणि अलीकडे त्या चर्चेंत "शाळा सेमी-इंग्रजी आहे ना?" हा प्रश्न हटकून येतो. इतिहास, भूगोल वगैरे विषय मराठींत, पण गणित व शास्त्र इंग्रजींत, अशी ही योजना. ती पत्करणाऱ्या आईबापांच्या मनांतला हिशेब सरळ असतो. शास्त्र तर शिकावयाचेंच आहे. तें शिकतां शिकतां इंग्रजीही पदरांत पडेल. ही युक्ति आपल्याच पिढीस सुचली असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः आमच्या या मुंबई प्रांतांत ती जवळ जवळ दोनशें वर्षांची जुनी आहे, आणि ती केव्हां फळली व केव्हां फसली हें पाहण्यासारखें आहे.

१८३२ सालच्या जानेवारीच्या सहाव्या तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ पत्र काढलें. त्यांत मराठी मजकूर व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेला असे. शास्त्रीबुवांचें वय त्या वेळीं वीस वर्षांच्या आसपास होतें. इंग्रजी शिकूं पाहणाऱ्या तरुणास या दोन रकान्यांचा केवढा आधार वाटला असेल याची कल्पना आज आपणांस येणें कठीण आहे. डावीकडे अडलें तर उजवीकडे पाहावें, उजवीकडे अडलें तर डावीकडे. पुढें १८४० सालीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ हें मासिक सुरू केलें, आणि त्यांत भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय शुद्ध मराठींत मांडले. म्हणजे इंग्रजींतून मिळविलेली विद्या ते परत पहिल्या रकान्यांत आणून ठेवीत होते. १८४६ सालीं त्यांचें देहावसान झालें तेव्हां त्यांनीं चौतिशीही ओलांडली नव्हती. एवढ्या अल्प आयुष्यांत एवढें काम!

शास्त्रीबुवा ज्या एल्फिन्स्टन विद्यालयांत १८३४ पासून असिस्टंट प्रोफेसर होते, त्याचा उगमही या प्रश्नाशीं निगडित आहे. एल्फिन्स्टन साहेब १८२७ सालीं मुंबई सोडून निघाले तेव्हां शहरांतील लोकांनीं मोठा फंड जमविला, आणि इंग्रजी भाषा व युरोपांतील शास्त्रें शिकविणाऱ्या अध्यापकांची सोय त्यांतून व्हावी असें ठरविलें. भाषा आणि शास्त्रें हीं दोन्हीं एकाच वाक्यांत, एकाच वर्गणींत आलीं. त्याप्रमाणें १८३५ सालीं हार्कनेस व ऑर्लिबार हे दोन अध्यापक विलायतेहून आले. पहिल्याकडे वाङ्मय, दुसऱ्याकडे सृष्टिशास्त्र व ज्योतिष.

या ऑर्लिबार साहेबांच्या हाताखालीं केरो लक्ष्मण छत्रे तयार झाले. त्यांची हकीकत आम्हांस या सर्व इतिहासांत सर्वांत मोलाची वाटते. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ च्या सुमारास चुंबकीय व हवामानाचीं निरीक्षणें नियमानें घेण्याचें काम सुरू झालें, आणि तरुण केरोपंत तेथें नोकरीस राहिले. सुमारें दहा वर्षें त्यांनीं हें काम केलें. ठरलेल्या वेळीं उठावें, सुई पाहावी, पारा पाहावा, आंकडा टिपावा. काम साहेबाच्या भाषेंत, कोष्टकें साहेबाच्या भाषेंत. अशा ठिकाणीं इंग्रजी शब्द कोशांतून यावयाचा नसतो. पारा चढला हें डोळ्यांस दिसतें आणि मग त्यास इंग्रजींत काय म्हणतात तें कानांवर पडतें. वस्तु आधीं, शब्द मागून. विश्वविद्यालयाची कोणतीही पदवी नसतां हेच केरूनाना पुढें पुण्यास कॉलेजांत गणित व सृष्टिशास्त्र शिकवूं लागले आणि टिळकांसारख्या शिष्याचे गुरु झाले. १८६० सालीं त्यांनीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, तीं मराठींत. त्यांस दोन्ही रकाने सारखेच वश होते.

परंतु सरकारदरबारीं मात्र दोहोंपैकीं एकच रकाना ठेवावा असा वाद माजला. १८४३ पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी होते. पैसा थोडा, देशी भाषांत ग्रंथ थोडे, तेव्हां वरच्या वर्गांतील थोड्या लोकांस इंग्रजींतूनच उत्तम शिक्षण द्यावें, असा त्यांचा कल. उलट पक्षास नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहीम मकबा आणि कर्नल जर्व्हिस. १८४७ सालीं हा वाद ऐन भरांत आला. नाना कांहीं इंग्रजीचे शत्रु नव्हते. एल्फिन्स्टन विद्यालयास त्यांच्याएवढा आश्रय थोड्यांनींच दिला असेल. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, सर्वसाधारण लोकांपर्यंत विद्या पोंचवावयाची तर ती लोकांच्याच भाषेंतून पोंचेल. जर्व्हिस साहेबांनीं तर गणिताचीं पुस्तकें मराठींत सिद्ध करण्यांत वर्षानुवर्षें खर्च केलीं होतीं. दोन्ही पक्षांचीं निवेदनें विद्वत्तापूर्ण होतीं. तथापि त्या सगळ्या वादांत बांकावर बसलेल्या मुलास शब्द नेमका कळतो कसा, या गोष्टीचा विचार फारसा झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

तो विचार पोरांनींच केला म्हणावयाचा! १८४८ सालीं एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या साह्यानें साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठीं सभा स्थापिली. दादाभाई नवरोजी तींत अग्रभागीं होते. मुख्य सभेंत निबंध इंग्रजींत वाचावयाचे, आणि ज्ञानप्रसारक नांवाच्या शाखांतून तेंच ज्ञान मराठींत व गुजरातींत सांगावयाचें, अशी व्यवस्था. जो विषय आईस किंवा शेजाऱ्यास स्वभाषेंत समजावून देतां येत नाहीं तो इंग्रजींतही आपणांस समजलेला नसतो, ही परीक्षा त्या सभासदांस दर आठवड्यास द्यावी लागत असेल. आमच्या मतें याहून चांगला इंग्रजीचा तास कोणत्याही हायस्कुलानें आजवर घेतलेला नाहीं.

पुढें १८५७ सालीं विश्वविद्यालय निघालें, मॅट्रिक्युलेशनची परीक्षा आली, आणि हायस्कुलांतील वरच्या वर्गांत सारेच विषय इंग्रजींतून चालूं लागले. येथून शास्त्राची व इंग्रजीची जोडी टिकली, पण तिचा प्राण गेला. ज्या विद्येस लोक वाघिणीचें दूध म्हणत, तिचें पुष्कळ शाळांत पाणी घातलेलें ताक झालें. विसाव्या शतकांत मातृभाषेस हळू हळू पुन्हा स्थान मिळालें खरें. पण जुनी संवय लवकर सुटली नाहीं. आम्ही स्वतः ज्या शाळेंत शिकलों तेथें प्राणवायूचा धडा इंग्रजींत होता. कांचेची सर्व उपकरणें कुलूपबंद कपाटांत शोभेस ठेविलेलीं. मास्तर वाक्यें सांगत, आम्ही तीं उतरून घेत असूं. त्यांत ‘ग्लोइंग स्प्लिंटर’ असे दोन शब्द होते. हा स्प्लिंटर म्हणजे कोणी शास्त्रज्ञ असावा, असा आमच्या बांकावरील निम्म्या मुलांचा तर्क होता! परीक्षेंत आम्हीं तें वाक्य बिनचूक लिहिलें आणि पूर्ण गुण मिळविले. पुढच्या वर्षीं नवे मास्तर आले. त्यांनीं कपाट उघडविलें, एका बरणींत वायु धरला, साधी लांकडाची काडी पेटवून विझविली, आणि तिचें टोंक धगधगत असतांनाच आंत घातलें. काडी भर्रकन पेटली. वर्गांत एकच गलका झाला. तो शब्द त्या क्षणीं जो कळला तो आजतागायत विसरलों नाहीं, आणि वायूचा गुणही नाहीं.

बंगालमध्यें डाक्क्यास काम करणारे शिक्षणाधिकारी मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. येथील विद्यार्थ्यास इंग्रजीची मुख्य गरज वाचून ज्ञान मिळविण्याची आहे, असें त्यांचें प्रतिपादन; आणि त्यासाठीं मोजके शब्द घेऊन, नवे शब्द बेताबेतानें आणणारीं वाचनपुस्तकें त्यांनीं तयार केलीं. शास्त्राच्या धड्यास हा गुण जन्मतःच असतो. ओतणें, मोजणें, तापविणें, विरघळणें हीं थोडकीं क्रियापदें पुन्हा पुन्हा येतात, आणि दर वेळीं समोर कांहीं तरी घडत असतें. बर्फ न पाहिलेल्या कोंकणांतील मुलाकडून हिमवर्षावाच्या कविता पाठ करून घेण्यापेक्षां त्यास उकळत्या पाण्याचें वर्णन इंग्रजींत करावयास सांगणें केव्हांही बरें.

मात्र या मार्गांत एक खड्डा आहे. शास्त्राचे पुष्कळ शब्द व्यवहाराचेच असून त्यांचा अर्थ मात्र निराळा असतो. भिंतीस तासभर रेटा देणाऱ्या हमालाचें ‘वर्क’ पदार्थविज्ञानाच्या लेखीं शून्य! अशा जागीं मराठीचा रकाना झांकून ठेवला तर मूल नुसतें चांचपडत राहतें. केंद्र सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणांत गणित व शास्त्र यांचीं पुस्तकें द्वैभाषिक असावींत, म्हणजे मुलांस दोन्ही भाषांत विचार करतां येईल, अशी सूचना आहे. ती वाचतांना आम्हांस ‘दर्पणा’चीं पानें आठवलीं.

आमच्या घरीं आठवीच्या सेमी-इंग्रजी वर्गांतला एक मुलगा आहे. परवां तो वैतागून आला. गणिताच्या तासास ‘सोल्यूशन’ म्हणजे उत्तर, आणि लगेच पुढच्या शास्त्राच्या तासास ‘सोल्यूशन’ बाटलींत! त्यास स्वयंपाकघरांत नेऊन पेल्यांतल्या पाण्यांत चमचाभर मीठ टाकावयास सांगितलें. तो ढवळीत राहिला, मीठ दिसेनासें झालें, मग त्यानें तें चाखून पाहिलें. वहींत त्या इंग्रजी शब्दाशेजारीं समासांत त्यानें आपण होऊन ‘द्रावण’ असें लिहिलें, आणि खालीं दुसऱ्या ओळींत, ‘गणितांत: उकल’.