गोल्फ क्लबचा लाय अँगल : एका दुर्लक्षित कोनाचा इतिहास

गोल्फचा क्लब जमिनीवर टेकवला की त्याचा दांडा सरळ उभा राहत नाही, खेळाडूकडे कललेला असतो. क्लबच्या हेडचा तळ, म्हणजे सोल, जमिनीवर सपाट बसलेला असताना शाफ्ट आणि जमीन यांच्यात जो कोन होतो त्याला लाय अँगल म्हणतात. सात नंबरच्या लोखंडी क्लबमध्ये आज हा कोन ६२ अंशांच्या आसपास असतो. लांब शाफ्टच्या ड्रायव्हरमध्ये तो कमी, तर आखूड वेजमध्ये थोडा जास्त असतो. दुसरा कोन लॉफ्टचा. चेंडूला लागणारा पृष्ठभाग, म्हणजे फेस, मागे किती झुकलेला आहे ते लॉफ्ट सांगतो. लॉफ्टमुळे चेंडू वर जातो हे पाहताक्षणी कळते. लाय अँगलमुळे चेंडू डावीकडे-उजवीकडे जातो हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

भारतात गोल्फ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. पण क्लबच्या घडणीचा इतिहास मुख्यतः स्कॉटलंड आणि अमेरिकेत घडला, म्हणून तिकडेच जाऊ.

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये लांब नाकाचे लाकडी क्लब वापरात होते. त्यांचा लाय बराच सपाट असे, म्हणजे शाफ्ट जमिनीकडे जास्त झुकलेला. खेळाडू चेंडूपासून दूर उभा राही आणि क्लब शरीराभोवती आडवा फिरवी. सेंट अँड्र्यूजची जुनी शैली ती हीच. पुढे हॅरी व्हार्डनसारख्या खेळाडूंनी अधिक उभा स्विंग लोकप्रिय केला. व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, त्यामुळे त्याचे अनुकरण होणारच होते. स्विंग उभा झाला तसे क्लबही उभे झाले. या काळात लायकडे पाहण्याची दृष्टी उभे राहण्याच्या सोयीची होती. कारागीर हिकरी लाकडाचा दांडा तासून बसवी, खेळाडू क्लब एकेक करून विकत घेई, जमिनीवर टेकवून पाही, हाताला बरा वाटला तर ठेवी. मोजमाप नव्हते, पण निवड प्रत्येकाची स्वतःची होती. शिवाय हिकरीचा दांडा फटक्यात पिळवटत असे. त्या पिळात एक-दोन अंशांच्या लायचा परिणाम वेगळा ओळखू येणे अवघडच होते.

पोलादी शाफ्ट आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्यांना १९२४ मध्ये मान्यता दिली, सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ मध्ये. पोलादी नळी कारखान्यात एकसारखी बनते. मग क्रमांक घातलेले, एकमेकांशी जुळणारे क्लब संचाने विकले जाऊ लागले आणि लांबी, वजन, लॉफ्ट यांबरोबर लायचाही एक ‘स्टँडर्ड’ आकडा ठरला. उत्पादनाच्या दृष्टीने ही प्रगती होती यात वाद नाही. पण हा स्टँडर्ड कोणाच्या अंगाचा? ठरावीक उंचीच्या आणि ठरावीक लांबीच्या हातांच्या माणसाचा. बुटक्या किंवा फार उंच माणसाने त्या क्लबशी जुळवून घ्यायचे, गुडघे वाकवायचे किंवा हात वर उचलायचे, असा अर्थ त्यातून निघाला. तयार कपड्यांच्या दुकानात एकाच मापाचा सदरा ठेवावा तसा हा प्रकार. फरक इतकाच, की सदरा घट्ट झाला तर लगेच कळते.

आता दिशेचे गणित पाहू. विद्यार्थ्यांनी एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक घ्यावे. ते आपल्यासमोर भिंतीसारखे उभे धरावे आणि पलीकडच्या बाजूला एक पेन्सिल लंब धरावी. आता पुस्तक त्याच पेन्सिलीभोवती थोडे फिरवा, एक बाजू वर आणि एक खाली. पेन्सिल जिथे रोखलेली होती तिथेच राहते. मग पुस्तकाचा वरचा भाग आपल्याकडे झुकवा, म्हणजे पेन्सिल पुढे आणि वर रोखली जाईल. आता पुस्तकाची उजवी बाजू थोडी वर उचलली की पेन्सिल डावीकडे वळते. जितका झुकाव जास्त तितके वळणे जास्त. पुस्तकाचा झुकाव म्हणजे लॉफ्ट आणि उचललेली बाजू म्हणजे लायची चूक.

समीकरण सोपे आहे. लॉफ्टचा टॅन गुणिले लायमधील चुकीचा साइन केला की फेस लक्ष्यरेषेपासून जितका वळला त्या कोनाचा टॅन मिळतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा क्लब फटक्याच्या क्षणी २ अंश जास्त उभा आहे, म्हणजे हेडचे पुढचे टोक वर आणि शाफ्टकडची टाच खाली आहे, असे धरू. ५६ अंशांच्या वेजचा फेस जवळजवळ ३ अंश डावीकडे वळतो. त्या दिशेने सरळ रेघ ओढली तर ८० मीटरवर ती लक्ष्यापासून ४ मीटर बाजूला पडते. २४ अंश लॉफ्टच्या लांब लोखंडी क्लबमध्ये हेच वळण ०.९ अंश भरते आणि १० अंशांच्या ड्रायव्हरमध्ये फक्त ०.३५ अंश. क्लब जास्त सपाट बसला तर सगळे उलट, उजवीकडे. यातला विरोधाभास असा, की जे आखूड क्लब खेळाडू नेमकेपणासाठी हातात घेतो, नेमके तेच लायच्या चुकीला सर्वांत जास्त बळी पडतात.

चेंडू मात्र बरोबर फेसच्या दिशेने सुटत नाही. क्लबच्या हेडची गती आणि फेसचा लंब या दोन दिशांच्या मधून तो निघतो, आणि बहुधा फेसच्या जास्त जवळून. लॉफ्ट वाढेल तसा हा जवळपणा कमी होतो. थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात या दोन दिशांमधून जाणाऱ्या प्रतलाला ‘डी-प्लेन’ म्हटले. लाय चुकला की हे प्रतलच तिरपे होते. चेंडू त्या प्रतलात सुटतो आणि त्याच्या फिरकीमुळे येणारे उचलबळही त्याच प्रतलात तिरपे लागते. म्हणून तो डावीकडे सुटून आणखी थोडा डावीकडे वळतो.

हे भौतिकशास्त्र इतके उशिरा का उमगले, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. चेंडूच्या उड्डाणाचा अभ्यास जुनाच होता. एडिंबरोचे पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात मागच्या फिरकीने चेंडू हवेत टिकतो हे दाखवले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फ चेंडूच्या गतीवर व्याख्यान दिले. पण दोघांचे लक्ष हवेतल्या चेंडूवर होते, क्लबच्या बैठकीवर नव्हते. दरम्यान प्रशिक्षकांमध्ये एक समज पक्का झाला होता : चेंडू स्विंगच्या मार्गाने सुटतो आणि नंतर फेसच्या दिशेला वळतो. ब्रिटनमधील संशोधनावर आधारलेल्या, कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या १९६८ च्या पुस्तकात सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो हे आलेले होते. तरी जुना समज शिकवला जातच राहिला, आणि या शतकात रडारने प्रत्येक फटका मोजता येऊ लागला तेव्हा कुठे मागे पडला.

माझ्या मते या चुकीच्या सिद्धांताने मोठे नुकसान केले ते दोष कोणाचा हे ठरवताना. चेंडू डावीकडे सुटला म्हणजे स्विंग डावीकडे गेला, असे मानले की क्लब आपोआप निर्दोष ठरतो. खेळाडू मग चांगला स्विंग मोडून वाईट स्विंग शिकतो, आणि चुकीच्या क्लबने चेंडू सरळ जाऊ लागला की सुधारणा झाली असे समजतो.

या साखळीला धक्का दिला तो एका यांत्रिक अभियंत्याने. कार्स्टन सोलहाइम यांचा जन्म १९११ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले, काही काळ चपला-बूट दुरुस्त केले, मग विमान कंपन्यांत आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केले. गोल्फ हाती घेतला तो चाळिशी ओलांडल्यावर. १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी पहिला पटर बनवला. चेंडूला लागताच होणाऱ्या आवाजावरून त्याचे नाव ‘पिंग’ पडले. माप घेऊन क्लब देणारे कारागीर त्यांच्याआधीही होते. सोलहाइम यांनी ही गोष्ट मोठ्या उत्पादनात आणली. त्यांचे लोखंडी क्लब इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने ओतलेले असत. मेणाचा नमुना, त्यावर साचा, मेण वितळवून धातू ओतणे, ही पद्धत आपल्या बस्तरच्या ढोकरा कारागिरांनाही ओळखीची आहे. ओतकामाने हेड एकसारखे मिळतात, त्यामुळे लायचा आकडा विश्वासाने सांगता येतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंगने रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली. खेळाडूची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यायचे, तक्त्यावर पाहायचे आणि त्या रंगाचा ठिपका असलेला क्लब घ्यायचा. काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा थोडा उभा, लाल थोडा सपाट. पद्धत इतकी सोपी होती की दुकानातल्या माणसालाही वापरता येई.

तक्ता स्थिर माणसाचा असतो, फटका मात्र गतीत बसतो. हेडचे गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेवर नसून थोडे बाहेर असते. स्विंगमध्ये हेड बाहेर खेचले जाते तेव्हा हे गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत येऊ पाहते, शाफ्ट वाकतो आणि पुढचे टोक खाली येते. म्हणून जमिनीवर टेकवलेल्या क्लबचा कोन आणि फटक्याच्या क्षणीचा कोन एक नसतात. यावरचा उपाय अगदी साधा आहे. सोलवर चिकटपट्टी लावायची, कडक प्लॅस्टिकच्या फळीवरून चेंडू मारायचा आणि पट्टीवर ओरखडा कुठे उठला ते पाहायचे. टाचेकडे उठला तर क्लब जास्त उभा, पुढच्या टोकाकडे उठला तर जास्त सपाट. मऊ पोलादाचे घडवलेले हेड असेल तर ते शिकंज्यात पकडून एक-दोन अंश वाकवता येते.

पटरची कथा वेगळी. त्याचा लॉफ्ट ३ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे २ अंशांच्या चुकीने ३ मीटरवर जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि गोल्फचे होल १०८ मिलिमीटरचे असते. तरीही नियमपुस्तकात लायवर मर्यादा आली ती पटरमुळे. १९६० च्या दशकात सॅम स्नीड पाय फाकवून, क्रोकेसारखा चेंडू दोन्ही पायांच्या मधून ढकलू लागला होता. १९६८ पासून पटच्या रेषेवर असे उभे राहण्याला बंदी झाली. शाफ्टही उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असलाच पाहिजे, असा नियम आहे. स्नीडने मग चेंडूच्या बाजूला उभे राहून, तोंड होलकडे ठेवून पट करायला सुरुवात केली.